सेशन सॅक्सवाल्याचा पहिला सोलो : जॅझ, सोल, आफ्रोबीट एकत्र करतोय पण ग्रूव्ह काही बसेना

टेनरवाला_नाशिक

नमस्कार मंडळी, वर्षभर इथं नुसता वाचत बसलोय, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सॅक्स वाजवतो, टेनर, म्हणजे जरा खालच्या सुराचा. सुरुवात घरच्या बँडमध्ये, म्हणजे वरातीचा बँड, वडील क्लॅरोनेट वाजवायचे आणि मी नववीत असल्यापासून आल्टो, म्हणजे लहान सॅक्स, गळ्यात अडकवून त्यांच्या मागं चालायचो. मग ऑर्केस्ट्रा, मग पुण्या-मुंबईत रेकॉर्डिंग, त्याला आता अकरा वर्षं झाली. जाहिराती, भक्तिगीतं, सिरियलची टायटल साँग, एकदा तर निवडणुकीचं प्रचारगीत, जे येईल ते. काम काय तर मुखडा आणि अंतऱ्याच्या मधला आठ बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) पीस, आणि सूचना एवढीच की "जरा फील द्या". एका अल्बमच्या सहा गाण्यांत वाजवलंय आणि नाव कुठंच नाही, विचारलं तर म्हणे कव्हरवर जागा नव्हती. अल्बम फक्त ऑनलाइन आलाय, कसलं कव्हर नि कसली जागा. जाऊ दे.

तर आता चाळीस पूर्ण होतील आणि ठरवलंय की स्वतःचं काहीतरी करायचं. पाचसहा ट्रॅक, सगळे इन्स्ट्रुमेंटल. डोक्यात खूळ घातलं कमासी वॉशिंग्टन या अमेरिकन सॅक्सवाल्याच्या द एपिक या अल्बमनं. रात्रीच्या बसनं मुंबईहून येत होतो, कसारा चढतोय आणि कानात त्यातलं रीरन होम चालू झालं, चौदा मिनिटांचं आहे ते, घाट संपला तरी हे चालूच, आणि खाली ती जी लय आहे ती जॅझची नाही हे मला कळत होतं पण कशाची आहे ते कळत नव्हतं. घरी येऊन शोधलं तेव्हा नायजेरियाच्या फेला कुटीपर्यंत, म्हणजे आफ्रोबीटपर्यंत पोचलो आणि मग महिनाभर दुसरं काही ऐकलंच नाही.

आता अडचण. एका प्रोग्रॅमर मित्रानं आफ्रोबीटचा सँपल पॅक (तयार आवाजांचा संच) आणून लूप, म्हणजे तेच तेच फिरत राहणारे तुकडे, करून दिलेत, शेकर आहे, रिमशॉट आहे, खाली जाड बेस आहे, ऐकायला छान वाटतं. पण त्यावर मी वाजवलं की ते एकतर क्लबातलं गाणं वाटतं नाहीतर आमच्या ऑर्केस्ट्रातला मध्यंतराआधीचा आयटम. चार डेमो केले, चारही पुसले. माझं वाजवणं चुकतंय की लूप चुकतोय, की हे तिन्ही एकत्र करायचा हट्टच चुकतोय? आणि असं सेशन वाजवणाऱ्या कुणी आधी केलंय का, ऐकायला सांगा.

लेझीम८८

भाऊ लूप चुकतोय. तुझ्या मित्रानं आफ्रोबीट"स" चा पॅक आणलाय, शेवटी स असलेला. बर्ना बॉय, विझकिड वगैरे आत्ताचं नायजेरियन पॉप ते, चांगलंच आहे, मी पण ऐकतो, पण ते कॉम्प्युटरवरच बांधलेलं असतं. तुला हवाय स नसलेला आफ्रोबीट, फेला आणि त्याचा ड्रमर टोनी ॲलनचा, साठच्या दशकाच्या शेवटी लागोसमध्ये झालेला. दोघांचं नाव सारखं ठेवून कुणी आपली सोय केली कुणास ठाऊक, पण रोज एक माणूस यात फसतो.

मी ड्रमर आहे म्हणून ड्रमचंच सांगतो. टोनी ॲलन रेडिओ टेक्निशियन होता, अठराव्या वर्षी ड्रमवर बसला, स्वतःच शिकला, आणि हाय-हॅट (पायानं उघडझाप होणारी झांजेची जोडी) कसा वापरायचा ते अमेरिकन जॅझ ड्रमर मॅक्स रोचबद्दल वाचून आणि घानाचा ड्रमर गाय वॉरेनला ऐकून उचललं. म्हणजे तुझं जॅझ आफ्रोबीटच्या पोटातच आहे, वेगळं आणून चिकटवायचं नाहीये. त्याचे चार हातपाय चार वेगळी माणसं असल्यासारखे चालतात. किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, पहिल्या बीटवर ठाण बसेलच असं नाही, जरा आधी येऊन जाईल नाहीतर नंतर येईल. स्नेअरवर (समोरचा छोटा ड्रम) मोठे ठोके कमी आणि मधले बारीक बारीक कुजबुजणारे ठोके जास्त. आणि हाय-हॅट मधेच असा उघडतो की वाटतं याचा पाय घसरला की काय, पुढच्या फेरीत बरोबर तिथंच परत घसरतो तेव्हा कळतं की बाबा मुद्दाम करतोय. लूपमध्ये हे येत नाही कारण लूप दोन बारचा असतो आणि हा माणूस बारा मिनिटं तेच वाजवताना प्रत्येक फेरीत केसाएवढा फरक करत असतो.

फेलानं त्याच्याबद्दल म्हणून ठेवलंय की टोनी नसता तर आफ्रोबीट नसता, आणि फेला दुसऱ्याला श्रेय देणाऱ्यातला नव्हता.

आधी ड्रमर शोध. मग बाकीचं.

रिकामटेकडा

मी जरा वाईट बोलणार आहे. द एपिक मला झेपला नाही. तीन सीडी, जवळजवळ तीन तास, ३२ जणांचा ऑर्केस्ट्रा, २० जणांचा कोरस, दोन ड्रमर, दोन बेस. प्रत्येक गाणं एव्हरेस्ट चढल्यासारखं संपतं. कोरस आला की मला तर देवळात कुणीतरी ट्यूबलाइट लावल्यासारखं होतं. पहिल्या अल्बमला एवढं सगळं ताटात वाढू नका एवढंच सांगणं आहे, पाच ट्रॅक म्हणताय ते बरं आहे.

लेझीम८८

@रिकामटेकडा ट्यूबलाइट 😂 पण पहिला अल्बम नाही तो. २००५ पासून त्यानं स्वतःच्या स्वतः दोनतीन काढले होते, कुणी विचारलं नाही. २०१५ ला ब्रेनफीडरवर एपिक आला तो कंपनीकडून आलेला पहिला.

रिकामटेकडा

म्हणजे आधी कुणी ऐकलं नाही म्हणून मग ५० माणसं घेऊन आला. पटलं.

जुना_शिफ्टवाला

टेनरवाले, तुमचं वाचून बरं वाटलं आणि जरा वाईटही वाटलं. मी व्हायोलिन. ८० च्या दशकात मुंबईत फिल्म रेकॉर्डिंगला शिफ्टवर जायचो, मागच्या ओळीत. आता डोंबिवलीत नातवाला शिकवतो, त्याला कीबोर्ड हवाय.

लोकांना सेशन म्हटलं की वाटतं पोटापाण्याचं काम. अहो पण शाळा आहे ती. मनोहारी सिंग म्हणजे मनोहारीदा, पंचमकडे बासूदांबरोबर (बासू चक्रवर्ती) अरेंजिंगही करायचे आणि सॅक्सही तेच. ज्या गाण्यात त्यांचा आल्टो आहे त्यात नीट ऐका, गाणाऱ्याच्या श्वासाच्या जागेत येतात, दोन ओळी बोलतात, पुढची ओळ यायच्या आधी दार लोटून बाहेर. कधी गाण्याच्या अंगावर नाही गेले. त्यांच्या स्वतःच्या नावानं रेकॉर्ड निघाल्या त्यासुद्धा फिल्मी गाण्यांच्याच धुना वाजवलेल्या, आपल्याकडं साजिंद्याच्या सोलोची कल्पना तेवढीच होती. याला अपवाद एक गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस, टेनरच वाजवायचे, १९७० च्या आसपास त्यांनी राग आणि जॅझ एकत्र करून रागा रॉक ही रेकॉर्ड काढली. मिळाली तर ऐका.

पण तुमचा खरा प्रश्न मला दुसराच वाटतो, रागावू नका. तुम्हाला आठ बारचा आजार झालाय. मला पण होता. आठ बारमध्ये सगळं सांगायचं म्हणून पहिल्याच बारमध्ये वर चढायचं, सातव्यात मींड, आठव्यात संपवायचं. अकरा वर्षं तेच केलंत तर बोटांना दुसरं येणार कुठून. पुसलेल्या डेमोत तुम्ही कितव्या सेकंदाला वाजवायला सुरुवात केली होती ते आठवून बघा.

टेनरवाला_नाशिक

@जुना_शिफ्टवाला काका पाया पडतो. चारही डेमोत पहिल्या सेकंदापासून. एकात तर ड्रम यायच्या आधी मी आलोय.

लेझीम८८

काकांनी बरोबर जागी बोट ठेवलं. आता फेलाचं वॉटर नो गेट एनिमी लाव, १९७५ चं, अकरा मिनिटांच्या आसपास आहे. हॉर्न्स, म्हणजे सॅक्स-ट्रंपेटवाले, काय करतात बघ, सगळे मिळून एकच ओळ, तीच परत, तीच परत. खाली दोन गिटार, एक जी टेनर गिटार म्हणतात ती तीनचार सुरांची घिरटी घालत असते आणि गाणं संपेपर्यंत बदलत नाही, बिचाऱ्याला कंटाळा येत नसेल का माहीत नाही. काँगा, शेकेरे, काठ्या. सोलो येतो तेव्हा तुला आधीच त्या गावात राहायला जाऊन बराच वेळ झालेला असतो.

आणि गंमत म्हणजे फेला मुळात सॅक्सवाला नव्हताच, १९५८ ला लंडनला ट्रिनिटी कॉलेजात गेला तो ट्रंपेट शिकला. त्याच्या बँडमध्ये टेनर इगो चिको वाजवायचा, तो १९७३ ला भांडून गेला आणि फेलानं हट्टानं टेनर हातात घेतला आणि त्याच वर्षीच्या जंटलमन अल्बमवर वाजवला पण. टेक्निक म्हणशील तर तू त्याच्यापेक्षा नक्की चांगला वाजवत असशील. पण तो थांबतो. दोन सूर वाजवून चार बार थांबायची हिंमत लागते.

कॅसेट_किडा

सेशनवाल्यांचे सोलो विचारलेत म्हणून येतोय, बाकी मला वाजवता काही येत नाही, फक्त जमवता येतं.

पहिलं नाव मनु दिबांगो, कॅमेरूनचा. १५ वर्षांचा असताना फ्रान्सला शिकायला धाडला, शाळेच्या फीसाठी बरोबर तीन किलो कॉफी, त्याच नावानं त्यानं आत्मचरित्र लिहिलं. मग ब्रसेल्स, किन्शासात गायक कबासेलेच्या बँडमध्ये, परत पॅरिस, तिथं गायक नीनो फेरेरच्या मागं ऑर्गन नि सॅक्स. म्हणजे तुमच्यासारखाच, दुसऱ्यांच्या गाण्यात. १९७२ ला आफ्रिकन कप फुटबॉल कॅमेरूनमध्ये होता त्याचं गाणं करायला सांगितलं, ते केलं ए साइडला, आणि बी साइड रिकामी होती म्हणून सोल मकोसा टाकलं. ए साइड आज कुणाला आठवतही नाही. बी साइड न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँकुसोच्या हाताला लागली, तो पार्ट्यांत लावायला लागला, रेडिओवर गेली, रेकॉर्ड मिळेना म्हणून दुसऱ्यांनी घाईघाईनं कव्हर काढली, शेवटी ॲटलांटिकनं हक्क घेतले आणि १९७३ ला बिलबोर्डवर ३५ व्या नंबरला. त्यातलं ते "मामाको मामासा" पुढं मायकल जॅक्सननं उचललं, त्यावर तडजोड झाली, मग रिहानाच्या गाण्यात आलं तेव्हा परत कोर्ट. तो मकोसा आहे, कॅमेरूनचा नाचाचा प्रकार, आफ्रोबीट नाही, पण सॅक्स, सोल आणि आफ्रिकन लय एका भांड्यात कशी शिजते ते साडेचार मिनिटांत कळतं. त्यात सॅक्सची धून किती साधी आहे बघा, वरातीत वाजवता येईल.

दुसरं, ऑर्लँडो ज्युलियस, नायजेरियाचा, सॅक्सच. सुपर आफ्रो सोल, १९६६. फेलाच्या आफ्रोबीटच्या आधीचं. हायलाइफमध्ये, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या जुन्या नाचाच्या संगीतात, अमेरिकन सोल घातलाय. गाणी छोटी छोटी आहेत, तुम्हाला आठ बारमधून एकदम चौदा मिनिटांवर उडी मारायची नसेल तर मधली पायरी.

आणि तिसरं मला स्वतःला सगळ्यात जवळचं, लेकन अनिमाशॉन. बॅरिटोन सॅक्स. फेला कूला लोबितोस नावाचा बँड चालवायचा तेव्हापासून, १९६५ पासून त्याच्याबरोबर. पोलीस आले, मार खाल्ला, बँड फुटला, टोनी ॲलन सोडून गेला, हा आपला जागेवर. म्हणून सगळे बाबा आनी म्हणायचे. त्याचा स्वतःच्या नावाचा अल्बम लो प्रोफाइल, रेकॉर्ड झाला १९७९ ला आणि बाहेर आला १९९५ ला. सोळा वर्षं डबीत. नावसुद्धा लो प्रोफाइल 🙂 एका बाजूला एक गाणं, बस. तुम्ही चाळिशीचं काय सांगताय.

टेनरवाला_नाशिक

सोळा वर्षं!! मी कव्हरवर नाव नाही म्हणून रडतोय.

लंडनची_मावशी

मी संगीतातली नाही, लेकीमुळं ऐकते. ती इथं शाळेत ट्रंपेट वाजवते आणि तिच्या नादानं नुबाया गार्सियाला दोनदा लाइव्ह ऐकलंय. टेनरच. तिचा पहिला पूर्ण अल्बम सोर्स, २०२० चा. त्यात आफ्रोबीटपेक्षा जमैकाचं डब नि रेगे जास्त आहे, एक गाणं तर कोलंबियाच्या बायकांबरोबर कुंबिया. आईवडील कॅरिबियन, म्हणून ते तिच्या घरातलंच आहे, आणून लावलेलं वाटत नाही. स्टेजवर ती बराच वेळ सॅक्स नुसता धरून उभी असते आणि ड्रमरकडं बघून हसत असते, मला पहिल्यांदा वाटलं हिची पाळी विसरली की काय. वरचं सगळं वाचून आता कळलं.

नवा_गडी

दादा एक आयडिया, यात ढोलकी घाला ना. आफ्रोबीट विथ लावणी. व्हायरल जाईल.

लेझीम८८

नको.

जुना_शिफ्टवाला

नको हो.

टेनरवाला_नाशिक

@नवा_गडी ढोलकीवर माझं प्रेम आहे, मामा ढोलकीच वाजवतात, पण इथं नको. ते मग फ्यूजन नावाच्या डब्यात जातं आणि कुर्ता घालून फोटो काढावे लागतात.

बाकी सगळ्यांना, पंधरा दिवसांनी लिहितोय, सांगायला काहीतरी असावं म्हणून थांबलो होतो.

लूप काढून टाकले. नाशिकरोडला एक पोरगा आहे ड्रमवर, चर्चमध्ये वाजवतो, त्याला फेलाचं जंटलमन आणि झोंबी ऐकायला दिलं, आठवडाभर त्यानं फक्त हाय-हॅट केला, त्याची आई वैतागली म्हणे. गिटारला ऑर्केस्ट्रातलाच एक जण. त्याची पहिली तक्रार पट्टीवरून. माझे सगळे डेमो काळी पाचमध्ये, कारण टेनरवर सा तिथंच येतो, मी अकरा वर्षांत कधी विचारच केला नाही की दुसऱ्याला ते अडचणीचं असेल. त्याला मोकळ्या तारा हव्यात. शेवटी पांढरी तीनवर आलो, म्हणजे त्या पट्टीचे चार शार्प (चढे सूर) नि टेनरमुळं वर दोन, माझ्या बोटांखाली सहा. शिव्या घालत घालत केलं, पण फायदा असा झाला की सवयीच्या जागा एकही सापडेना, बोटं जिथं आपोआप पळायची तिथं रस्ताच नाही, म्हणून आपोआप सूर कमी झाले.

मग एका खोलीत सगळे एकत्र, एका टेकमध्ये. ठरवलं होतं की चार मिनिटं मी वाजवायचं नाही. काका, चार मिनिटं गळ्यात सॅक्स घालून गप्प उभं राहणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. दीड मिनिटाला रीड वाळली असेल म्हणून तोंडात धरली, दोन मिनिटाला वाटलं हे सगळे माझ्याकडं बघतायत, अडीचला उगाच सॅक्सच्या किया (बटणं) दाबून बघितल्या, त्याचा टकटक आवाज रेकॉर्डिंगमध्ये आलाय. तिसऱ्या मिनिटाला मात्र ड्रमवाल्या पोराचा हाय-हॅट पहिल्यांदा नीट ऐकू आला. म्हणजे ऐकू आधीही येत होता, पण मी माझी एंट्री मोजत होतो.

चार वीसला आलो. तीन सूर. थांबलो. परत तेच तीन. मग मात्र आजार उफाळला आणि पाचव्या मिनिटाला मी वर चढून लग्नातल्यासारखा सुटलो, गिटारवाला हसायला लागला आणि टेक वाया गेला. पण ते पाचव्या मिनिटापर्यंतचं जे आहे ते मी रात्री बारा वेळा ऐकलंय.

एकच खटकतंय, बेस आणि किक एकमेकांना चिकटून जरा जड चालतायत, फेलाचं कसं चालताना खांदे हलवत चालल्यासारखं वाटतं तसं येत नाही. काय करू?

जुना_शिफ्टवाला

तो पाचव्या मिनिटाचा टेक पुसू नका. ठेवा.

लेझीम८८

सहा शार्प 🙏

बेसचं सांगतो. तुमचा बेसवाला किकबरोबर वाजवतोय, रॉकमध्ये शिकवतात तसं. त्याला किक ऐकायचीच नाही असं सांग, टेनर गिटार ऐक म्हण, तिच्या मोकळ्या जागेत वाजव. बेसची ओळ लहान कर, शेवटचे दोन सूर काढून टाक आणि तिथं शांतता ठेव, खांदे तिथं हलतात. कमासी पण मुलाखतीत सांगतो ना, स्नूप डॉगच्या बँडमध्ये गेला तेव्हा कळलं की कुठला सूर वाजवला याला तिथं फार किंमत नाही, तो नेमका कुठं ठेवला यावर सगळी मारामारी. आणि एक विचारायचं राहिलं, हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे लय मोजणारी टिकटिक, चालू होता का?

टेनरवाला_नाशिक

हो. १०८ वर. सवयच आहे, क्लिकशिवाय कधी रेकॉर्ड केलंच नाही.

लेझीम८८

बंद कर आणि परत वाजवा. रविवारी पाठव.